विंचवाचे विष, भीतीचे रसायन आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्या दगडाच्या गडग्यांच्या फटीत, रचून ठेवलेल्या चिऱ्यांखाली, पडवीतल्या लाकूडफाट्यात आणि भाताच्या पेंढ्यात एक प्राणी राहतो. लांबी फार तर दोन ते साडेतीन इंच, रंग तांबूस, नांग्या बारीक. हा लाल विंचू. त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आणि दिसायला भयंकर असा काळा विंचू कोकणात आहे. पण काळ्याच्या दंशाने बहुधा वेदनाच होतात, जीव जातो तो लाल्याच्या दंशाने. फाब्रिसियस या निसर्गशास्त्रज्ञाने १७९८ साली या जातीची शास्त्रात नोंद केली. १९०० साली पोकॉक यांनी तिच्या एका उपजातीला कोकणावरूनच ‘कोंकनेन्सिस’ असे नाव दिले.

चिंता कमी करणाऱ्या औषधांचा रोगप्रतिकारक पेशींवर काय परिणाम होतो, हे सांगण्यासाठी विंचवापासून सुरुवात का, असा प्रश्न पडेल. कारण असे की भीतीचे रसायन शरीरात काय काय करू शकते, याचे इतके उघड आणि क्रूर उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे, आणि त्यावरचा उपाय कोकणातच सापडला.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंवरच्या सोडियम वाहिन्या वेळेवर बंद होऊ देत नाही. तंतू उद्दीपित होतच राहतात. स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, घाम, श्वास यांचा कारभार आपल्याला न विचारता चालवणारी यंत्रणा, बेफाम होते आणि अ‍ॅड्रिनलिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात लोटली जातात. दंश गंभीर असेल तर तासाभरात मूल उलट्या करू लागते. अंगातून घामाच्या धारा लागतात, कपडे भिजून जातात, तरी हातपाय बर्फासारखे गार असतात. नाडी धावते, रक्तदाब चढतो. मुलग्यांमध्ये शिश्नाला ताठरपणा येतो. आईवडील संकोचाने हे लक्षण सांगत नाहीत, पण डॉक्टरांसाठी ते मोलाचे असते. पुढे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. घाम, धडधड, गार हातपाय ही सगळी टोकाच्या भीतीची लक्षणे. फरक एवढाच की इथे भीती मनात उपजलेली नसते. मनाला वगळून भीतीचे सारे रसायन थेट शरीरात ओतले गेलेले असते.

१९६१ साली मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होण्यावर लिहिले. तरी पुढची कित्येक वर्षे उपचार चाचपडतच चालले होते. पेथिडिन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन यांचे मिश्रण देत. यातले क्लोरप्रोमाझिन हे मनोरुग्णांना दिले जाणारे औषध. त्याने रुग्ण गुंगीत जाई, आत चाललेली उलथापालथ तशीच राही. गावात मांत्रिकाकडून विंचू उतरवून घेत. बहुतेक दंशांत विष थोडेच गेलेले असते आणि वेदना आपोआप ओसरतात, म्हणून मंत्राला यश आल्यासारखे वाटे. ज्या मुलाच्या अंगात विष पुरेसे गेले असेल, त्याचे मोलाचे तास मात्र त्यात वाया जात.

१९७६ साली जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. रत्नागिरीहून मुंबईकडे जाताना कशेडी घाट उतरून पुढे गेले की हा मुलूख लागतो. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे ना अतिदक्षता कक्ष होता, ना प्रयोगशाळा. ते रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसले आणि कोणते लक्षण किती वाजता आले, ते टिपत राहिले. उलटी, घाम, गार हातपाय आणि शिश्नाची ताठरता ही हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना असते, हे त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मग त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिले. रक्तदाबासाठी निघालेली ही साधी, स्वस्त गोळी. नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तवाहिन्यांवरच्या ज्या ग्राहींना (त्यांना अल्फा-१ म्हणतात) जाऊन चिकटते, ते ग्राही प्राझोसिन अडवून धरते. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तांत आला. गंभीर दंशातला सुमारे ४० टक्के मृत्युदर १ टक्क्याच्या आसपास उतरला. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. या साऱ्या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. भारतीय वैद्यकातली ही मी सर्वांत मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक मानतो, कारण ती खाटेशेजारी बसून, वहीत नोंदी करून झाली.

रत्नागिरी जिल्ह्याचा वाटाही इथे सांगायला हवा. चिपळूणचे डॉ. व्ही. एस. नातू आणि त्यांचे सहकारी यांनी लाल विंचवाच्या विषावरची प्रतिविषाची लस ग्रामीण रुग्णालयात वापरून तिचे निष्कर्ष २००६ आणि २०१० साली वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. गंभीर दंशात एकट्या प्राझोसिनपेक्षा लस सरस ठरते, असे त्यांना आढळले. २०११ साली बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर केलेली तुलना ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. लस विषाला निकामी करते, गोळी विषाने उठवलेल्या रसायनाला. दोन्ही एकमेकींना पूरक आहेत.

आता प्राझोसिनच्या दुसऱ्या आयुष्याकडे वळू. अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे मरे रॅस्किंड हे मनोविकारतज्ज्ञ युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत होते. या माणसांना रात्री त्याच त्या घटनेची स्वप्ने पडत आणि ते घामाने थबथबून ओरडत उठत. मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रिनलिनचा जोर कमी करावा म्हणून त्यांनी झोपताना प्राझोसिन दिले. लहान चाचण्यांत स्वप्ने कमी झाली. २०१८ साली ३०४ माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र निराळाच निकाल आला: खोटी गोळी घेतलेल्यांत आणि प्राझोसिन घेतलेल्यांत फरक दिसला नाही. तरीही अनेक मनोविकारतज्ज्ञ निवडक रुग्णांना ते देतात. म्हणजे कोकणात विंचू चावलेल्या मुलाला वाचवणारी गोळी दुसरीकडे भयस्वप्नांवरचे औषध झाली.

हीच गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशींपर्यंत कशी पोचते, ते २००३ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवले. त्यांनी १९ निरोगी माणसांना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणिते सोडवायला लावले. आधी आणि नंतर रक्त काढले. १९ पैकी १७ जणांच्या रक्तपेशींत एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन काही मिनिटांतच जागे झालेले दिसले. हे प्रथिन पेशीच्या द्रवात दुसऱ्या एका प्रथिनाने जखडलेले असते. इशारा मिळाला की ते सुटते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि दाह निर्माण करणारी जनुके चालू करते. जंतू शिरला की हे व्हायलाच हवे. इथे जंतू नव्हता, जखम नव्हती. चार माणसांसमोर बोलायची धास्ती होती, एवढेच. त्याच गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मोनोसाइट पेशींवर (पांढऱ्या पेशींचा हा एक प्रकार) नॉरअ‍ॅड्रिनलिन टाकले तेव्हा तेच घडले, आणि प्राझोसिन दिल्यावर परिणाम कमी झाला.

असे प्रयोग प्रत्यक्षात कसे होतात, ते जवळून पाहण्यासारखे आहे. निरोगी माणसाच्या दंडातून नळीभर रक्त काढतात. एका दाट, पारदर्शक द्रवावर ते अलगद सोडतात आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाशी जातात, पिवळसर रक्तद्रव वर राहतो आणि दोहोंच्या मध्ये धुक्यासारखा पांढुरका पातळ पट्टा तयार होतो. त्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट असतात. पिपेटने तो हलकेच उचलून, धुऊन, पेशी खड्ड्याखड्ड्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत वाटतात. मग काही खड्ड्यांत औषध घालतात, काहींत घालत नाहीत, आणि जिवाणूंच्या कवचातला लायपोपॉलिसॅकराइड हा घटक सगळ्यांत टाकतात. पेशींना वाटते, जंतू आले. ३७ अंश सेल्सियसला काही तास ठेवल्यावर वरचा द्रव काढून त्यात टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ ही दाहाची संदेशद्रव्ये किती उतरली ते एलायझा चाचणीने मोजतात. रंग जितका गडद तितके संदेशद्रव्य जास्त. औषध घातलेल्या खड्ड्यात रंग फिका पडला, तर औषधाने पेशीला शांत केले असे म्हणता येते. ‘चिंतेच्या औषधाने दाह कमी होतो’ ही बातमी वाचताना ही ताटली डोळ्यांपुढे ठेवावी. ताटलीत यकृत नसते, मूत्रपिंड नसते. बहुतेक वेळा औषधाची मात्राही माणसाच्या रक्तात असते त्याहून कितीतरी जास्त असते.

अल्फा-१ ग्राहींची गोष्ट इथे संपत नाही. शांत अवस्थेतल्या मानवी मोनोसाइटवर हे ग्राही जवळजवळ नसतात. प्रक्षोभ झाला, काही संप्रेरके मिळाली की ते उगवतात, असे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी १९९९च्या सुमारास दाखवले. म्हणजे आजारी माणसाची पेशी भीतीच्या रसायनाला निरोगी माणसाच्या पेशीपेक्षा जास्त ऐकते. २००७ साली आणखी एक धक्का बसला: भक्षक पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, नुसते अ‍ॅड्रिनलिन ऐकत नाहीत, ते स्वतः बनवतातही. २०१८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने ‘नेचर’मध्ये पुढचा दुवा जोडला. भक्षक पेशीने सोडलेले अ‍ॅड्रिनलिन तिच्याच ग्राहीला चिकटते, पेशी अधिक खवळते, संदेशद्रव्ये सोडते आणि आणखी अ‍ॅड्रिनलिन बनवते. सह्याद्रीच्या उतारावर वणवा पेटला की त्याच्या उष्णतेने वारा सुटतो आणि तोच वारा वणव्याला पुढे रेटतो, तसे हे चक्र आहे. उंदरांमध्ये हे चक्र मधेच तोडल्यावर संदेशद्रव्यांचे (सायटोकाइनांचे) वादळ शमले आणि जास्त उंदीर जगले. याच कामाच्या आधारे २०२० साली कोविडच्या रुग्णांना प्राझोसिन लवकर देऊन पाहावे, असा प्रस्ताव त्याच गटाने मांडला.

पुन्हा विंचवाकडे येऊ. ब्राझीलमध्ये पिवळ्या विंचवाने डसलेल्या रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि इतर दाहक द्रव्ये वाढलेली आढळली होती. २०१६ साली तिथल्याच संशोधकांनी उंदरांवर दाखवले की विंचवाच्या विषाने मृत्यू येतो त्यात भक्षक पेशींतल्या दाहयंत्रणेचा मोठा हात असतो. म्हणजे विंचूदंश हा फक्त मज्जातंतूंचा मामला नाही. त्यात पांढऱ्या पेशीही ओढल्या जातात. कोकणातल्या मुलांना वाचवताना प्राझोसिनने हृदयाबरोबर या पेशींनाही आवरले असेल का? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो तपासायला कोकणाहून योग्य जागा नाही.

मात्र अ‍ॅड्रिनलिन दाह वाढवतेच, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. त्याचे बीटा-२ नावाचे दुसरे ग्राही पांढऱ्या पेशींवर भरपूर असतात आणि त्यांचे काम उलटे आहे. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूचे विष अत्यल्प प्रमाणात टोचले, सोबत अ‍ॅड्रिनलिन दिले. टीएनएफ कमी झाला आणि दाह आवरणारे इंटरल्यूकिन-१० वाढले. परीक्षेची किंवा व्यासपीठाची धडधड कमी करायला काही डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात. ते नेमके हेच बीटा ग्राही अडवते. तेव्हा छातीतली धडधड थांबवणारी प्रत्येक गोळी दाहही थांबवेल, हा समज चुकीचा आहे.

चिंतेवरची सर्वांत प्रसिद्ध औषधे म्हणजे बेंझोडायझेपिने. लिओ स्टर्नबाख यांनी हॉफमन-ला रोश कंपनीत शोधलेले पहिले औषध १९६० साली बाजारात आले, तीन वर्षांनी डायझेपाम आले. ही औषधे मेंदूत गॅबा या शांत करणाऱ्या रसायनाची ताकद वाढवतात. पण १९७७ साली उंदराच्या मूत्रपिंडातही डायझेपाम घट्ट चिकटते असे आढळले, आणि मूत्रपिंडाला कसली चिंता? ही जागा मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावरचे एक प्रथिन निघाली. आज तिला टीएसपीओ म्हणतात. मानवी मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल पेशींत ती विपुल आहे. १९८५ साली ‘सायन्स’मध्ये आले की बेंझोडायझेपिनांच्या ओढीने मानवी मोनोसाइट चक्क त्यांच्या दिशेने सरकतात. उंदरांना ही औषधे दिल्यावर भक्षक पेशींतून निघणारे टीएनएफ आणि इंटरल्यूकिने घटली. मानवी पेशींवरचे निकाल मात्र औषध, मात्रा आणि वेळ यांप्रमाणे कधी इकडे, कधी तिकडे झुकतात.

गॅबाचे ग्राहीही लिम्फोसाइटांवर सापडले. २०२१ साली जपानच्या रिकेन संस्थेतल्या गटाने दाखवले की आपल्या बी-पेशी (लिम्फोसाइटांचाच एक प्रकार) स्वतःच गॅबा तयार करतात आणि त्याने भक्षक पेशींना शांत करतात. मेंदूची म्हणून ओळखली जाणारी ही रसायने रोगप्रतिकारक पेशींच्या रोजच्या वापरातली आहेत. आणि इथेच धोकाही आहे. ज्या दाहाला आपण शत्रू समजतो, तोच फुप्फुसात शिरलेल्या जंतूंना मारतो. उंदरांमध्ये डायझेपामने न्यूमोनियाचे मृत्यू वाढले. ब्रिटनमधल्या २०१३च्या एका मोठ्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांत न्यूमोनियाचे प्रमाण अधिक आढळले.

या साऱ्या प्रवासात सर्वांत जास्त आशा लावली ती फ्लुवोक्सामिनने. मंत्रचळ आणि चिंताविकारांवरचे हे जुने औषध. २०१९ साली व्हर्जिनिया विद्यापीठात दिसले की ते पेशीतल्या सिग्मा-१ या ग्राहीमार्फत दाहाचा संदेश मंदावते: सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) झालेले उंदीर अधिक जगले, मानवी रक्तपेशींतून संदेशद्रव्ये कमी निघाली. पुढच्याच वर्षी कोविड आला. सेंट लुईस इथे १५२ रुग्णांची चाचणी झाली. फ्लुवोक्सामिन घेतलेल्या ८० पैकी एकाचीही प्रकृती खालावली नाही, खोट्या गोळीच्या ७२ पैकी सहा जणांची खालावली. ब्राझीलमध्ये १,४९७ रुग्णांवरच्या चाचणीत दीर्घकाळ देखरेखीची किंवा मोठ्या रुग्णालयाची गरज सुमारे १६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आली. पण कमी मात्रेतल्या पुढच्या अमेरिकी चाचणीत फायदा दिसला नाही आणि २०२२ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी तातडीची परवानगी नाकारली. तरी मानवी पेशींच्या ताटलीपासून हजार-दीड हजार रुग्णांपर्यंत पोचलेले चिंतेवरचे औषध म्हणून त्याचे नाव घ्यावेच लागेल.

रत्नागिरीत १८८६ सालापासून मनोरुग्णालय आहे. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. मनाचा आजार आणि शरीराचा आजार यांची खाती तिथे आणि सगळीकडेच वेगळी ठेवली गेली. पांढऱ्या पेशींना ही विभागणी ठाऊक नाही. मनोविकाराच्या रुग्णाला ताप आला, खोकला झाला, सांधे सुजले, तर ‘हे त्याच्या डोक्यातले आहे’ म्हणून झटकणे जसे चूक, तसेच सुजेवर किंवा संधिवातावर उपाय म्हणून घरातल्या कुणाची तरी झोपेची गोळी घेणेही चूक. दाहासाठी म्हणून चिंतेचे औषध घ्यावे असे सांगणारा पुरावा आज नाही.

जे ही औषधे घेत आहेत त्यांना कळकळीची विनंती: हा लेख वाचून गोळी बंद करू नका. बेंझोडायझेपिने अचानक थांबवली तर झोप उडते, अस्वस्थता दुपटीने परतते आणि कधी झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळूच कमी करायची असतात. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला आधी कुणी हवे असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.